बोस्टनचे आर्मेनियन उद्यान : एका नगराने स्वीकारलेली देणगी

मोठ्या शहरातील सार्वजनिक उद्यान ही एका अर्थी त्या शहराची ओसरी होय. घरची माणसे तेथे विसावतात, आणि वाटसरू येऊन टेकला तर त्यालाही कोणी उठवीत नाही. ओसरीचा हा धर्म पाळावयाचा तर तेथे कोणा एकाने आपले बिऱ्हाड मांडता कामा नये, हे उघडच आहे. परंतु त्याच घरात पूर्वी कधी आश्रयास आलेले आणि आता घरचेच झालेले एखादे कुटुंब म्हणाले, की आमच्या गेलेल्या माणसांसाठी या ओसरीवर एक दिवा लावू द्या, तर इतरांनी काय उत्तर द्यावे? अमेरिकेतील बोस्टन शहरापुढे हा प्रश्न या शतकाच्या आरंभी उभा राहिला. तो विचारणारे होते तेथील आर्मेनियन वंशाचे नागरिक. सुमारे तपभराच्या प्रयत्नांनंतर २२ मे २०१२ रोजी शहराच्या मध्यभागी आर्मेनियन वारसा उद्यान लोकांसाठी खुले झाले. उद्यान आकाराने लहान आहे. परंतु ते कसे झाले आणि एका नगराने ते आपले म्हणून का स्वीकारले, ही हकीकत विचार करावयास लावणारी आहे.

आर्मेनियन हे नाव आपल्या कानाला अगदीच परके नाही. मुंबईच्या कोटात, मेडोज स्ट्रीटवर, आर्मेनियन व्यापाऱ्यांनी १७९६ साली बांधलेले चर्च आहे. कलकत्त्यातील त्यांचे चर्च त्याहूनही जुने, १७२४ सालचे. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक त्यांच्या मायभूमीत निघाले नाही. ते निघाले १७९४ साली आपल्या मद्रासेत, आणि त्याचे नाव होते 'अझदारार'. ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या फौजेत कर्नल जेकब पेट्रस नावाचे एक आर्मेनियन सेनानी होते आणि त्यांचा देह त्याच भूमीत विसावला. जेथे जावे तेथील भाषा शिकावी, तेथील धन्याशी इमान राखावे, परंतु आपली लिपी व आपली उपासना सोडू नये, अशी या समाजाची शतकानुशतकांची रीत दिसते. त्यांची लिपी पाचव्या शतकाच्या आरंभी मेस्रोप माश्तोत्स या साधुपुरुषाने सिद्ध केली. तीच आजही चालते.

या लोकांची मूळ भूमी अरारात पर्वताच्या परिसरात. तिचा मोठा भाग पुढे ऑटोमन तुर्कांच्या साम्राज्यात गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९४ ते १८९६ या काळात, तेथे आर्मेनियनांच्या मोठ्या कत्तली झाल्या. परंतु तो केवळ पूर्वरंग ठरला. पहिले महायुद्ध चालू असता २४ एप्रिल १९१५ रोजी राजधानीतील शेकडो आर्मेनियन लेखक, अध्यापक, वकील व धर्मगुरू यांची धरपकड झाली. समाजाचे शिर असे प्रथम छाटले गेले, आणि मग गावोगावची माणसे घराबाहेर काढून सीरियाच्या वाळवंटाकडे हाकण्यात आली. कत्तलीने, भुकेने आणि तहानेने जे मेले त्यांची संख्या सामान्यतः पंधरा लाख मानली जाते. तुर्कस्तानचे सरकार या घटनेला 'वंशसंहार' म्हणावयास आजही तयार नाही. परंतु या विषयाच्या बहुसंख्य अभ्यासकांनी तो शब्द मान्य केला आहे. एवढेच काय, राफाएल लेम्किन या ज्या कायदेपंडिताने १९४४ साली इंग्रजीत हा शब्द घडविला, त्याच्या डोळ्यांसमोर असलेल्या उदाहरणांत आर्मेनियनांचे उदाहरण होते. अमेरिकेच्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी २०१९ साली आणि अध्यक्षांनी २०२१ साली हा शब्द अधिकृतपणे उच्चारला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ज्यांची माणसे अशा रीतीने गेली त्यांच्यापाशी थडगी नव्हती. आपल्या घरातील माणूस गेले तर त्याची तिथी असते, स्थळ असते, चार जणांनी दिलेला खांदा असतो. वाळवंटाच्या वाटेवर कोसळलेल्यांना यांतील काहीच मिळाले नाही. मागे राहिलेल्यांना आपले दुःख कोठे नेऊन ठेवावे, हेच कळेना. जगभर विखुरलेल्या आर्मेनियनांनी ठिकठिकाणी स्मारकासाठी हातभर जागा का मागितली, याचे मूळ येथे आहे. जी माती त्यांच्या मृतांना मिळाली नाही, ती ते आपल्या नव्या गावापाशी मागत होते.

मॅसॅच्युसेट्‌स राज्यात आर्मेनियन येऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. वुस्टर गावातील तारेच्या गिरण्यांत त्यांना पहिले काम मिळाले. अमेरिकेतील पहिले आर्मेनियन चर्च त्याच गावात १८९१ साली उभे राहिले. बोस्टनला लागून असलेल्या वॉटरटाउन गावी रबरी बूट करणारा मोठा कारखाना होता. त्यातही शेकडो आर्मेनियन हात राबले. दिवसा रबराच्या वाफेत काम करावे, रात्री आपल्या लिपीतील वृत्तपत्र वाचावे आणि रविवारी मुलांना भाषा शिकवावी, असा त्यांचा क्रम होता. 'हायरेनिक', म्हणजे 'मायभूमी', या नावाचे त्यांचे वृत्तपत्र १८९९ साली न्यूयॉर्कला निघाले आणि लवकरच बोस्टनला आले.

परंतु या कहाणीची दुसरीही बाजू आहे. आश्रितांनी दार ठोठावले, त्याच सुमारास नगरानेही दार उघडले होते. नोव्हेंबर १८९४ मध्ये बोस्टनच्या फॅन्युल सभागृहात आर्मेनियनांवरील अत्याचारांच्या निषेधार्थ सभा भरली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची पहिली भाषणे ज्या भिंतींनी ऐकली तेच हे सभागृह. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात जिचे रणगीत घरोघर पोहोचले ती कवयित्री ज्युलिया वॉर्ड हाउ, आता वृद्ध झालेली, 'आर्मेनियाचे मित्र' या मंडळाची अध्यक्षा झाली. तिची तरुण सहकारी ॲलिस स्टोन ब्लॅकवेल हिने आर्मेनियन कवितांची इंग्रजी भाषांतरे १८९६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी क्लारा बार्टन ही रेडक्रॉसची मदत घेऊन तुर्कस्तानात गेली. पुढे १९१५ साली स्थापन झालेल्या आणि नंतर 'निअर ईस्ट रिलीफ' या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने १९३० पर्यंत सुमारे अकरा कोटी साठ लाख डॉलर जमविले आणि एक लाख तीस हजारांहून अधिक अनाथ मुले सांभाळली. हा पैसा मुख्यतः राजकोशातून आलेला नव्हता. त्यातील फार मोठा भाग शाळांनी, चर्चांनी आणि घरोघरच्या गृहिणींनी दिलेला होता.

म्हणून पुढे आर्मेनियनांनी बोस्टनकडे जागेची गोष्ट काढली तेव्हा ती सर्वस्वी परक्या इतिहासाची गोष्ट नव्हती. त्या इतिहासाचे एक पान बोस्टनमध्येच लिहिले गेले होते.

आता जागेकडे वळू. बोस्टनच्या मध्यातून १९५० च्या दशकात खांबांवरून जाणारा सहा पदरी हमरस्ता बांधण्यात आला. त्यासाठी शेकडो इमारती पाडल्या गेल्या आणि नॉर्थ एंड हा बंदराजवळचा जुना मोहल्ला उरलेल्या शहरापासून तुटला. चाळीस वर्षे नागरिकांनी त्या लोखंडी सावलीखालून ये-जा केली. मग १९९१ साली काम सुरू करून हा रस्ता जमिनीच्या पोटात नेण्याचा प्रचंड उद्योग झाला. त्याला सुमारे पंधरा अब्ज डॉलर लागले. वरचा रस्ता पाडल्यावर शहराच्या ऐन मध्यभागी सुमारे दीड मैल लांबीचा मोकळा पट्टा निघाला. त्यावर उद्यानांची एक माळ रचण्यात आली आणि तिला रोझ फिट्‌झजेरल्ड केनेडी यांचे नाव देण्यात आले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या या मातोश्री १८९० साली याच नॉर्थ एंडमध्ये जन्मल्या. त्यांचे घराणे आयर्लंडहून आलेल्या निर्वासितांचे. त्या मोहल्ल्यात आयरिशांमागून ज्यू आले आणि त्यांच्यामागून इटालियन आले. एवंच, ज्या भूमीवर आर्मेनियन आपली खूण मागत होते, ती भूमीच बाहेरून आलेल्यांच्या पावलांनी मळलेली होती.

तथापि विरोध झाला, आणि तो सगळाच क्षुद्र मनाचा नव्हता. इतक्या खर्चाने व इतक्या वर्षांनी मिळालेली ही मोकळी जागा मोकळीच राहू द्यावी, असे अनेकांना मनापासून वाटत होते. आज एका समाजाला जागा दिली तर उद्या दुसऱ्याला नाही कसे म्हणणार? आयरिशांनी दुष्काळाचे स्मारक मागावे, इटालियनांनी आपल्या दर्यावर्दीचे मागावे, आणि मग बागेत मुलांना चेंडू खेळावयास जागाच उरू नये! शिवाय बाग ही आनंदासाठी. तेथे मृत्यूची छाया कशाला? आणि ज्या घटनेच्या नावावरून राष्ट्राराष्ट्रांत वाद आहे, तिच्यावर नगराने आपली मोहर का उमटवावी? सार्वजनिक जागेची ज्याला चाड आहे अशा कोणाही नागरिकाने या प्रश्नांना उत्तर देणे भाग आहे. केवळ 'आम्ही फार सोसले' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. दुःख मोठे असले म्हणून जागेवरचा हक्क मोठा होत नाही.

इतर नगरांनी हा पेच कसा सोडविला हे पाहिले म्हणजे बोस्टनच्या मार्गाचे वैशिष्ट्य नीट कळते. सॅन फ्रान्सिस्कोत माउंट डेव्हिडसन हा शहरातील सर्वांत उंच डोंगर. त्याच्या माथ्यावर १९३४ साली उभारलेला, शंभर फुटांहून उंच असा क्रूस आहे. डोंगर नगरपालिकेच्या उद्यानाचा भाग. शासनाच्या भूमीवर एका धर्माचे चिन्ह कसे, असा दावा न्यायालयात गेला आणि १९९६ साली निकाल नगराविरुद्ध लागला. तेव्हा नगरपालिकेने क्रूसाखालचा जेमतेम पाव-अर्ध्या एकराचा तुकडा लिलावात काढला. तो आर्मेनियन संस्थांच्या मंडळाने सव्वीस हजार डॉलरना घेतला आणि क्रूस वंशसंहारातील बळींचे स्मारक झाला. उद्यानाची जमीन विकावयाची तर मतदारांची संमती लागते. ती नोव्हेंबर १९९७ च्या मतदानात मिळाली. पेच सुटला खरा. परंतु तो जागा विकून सुटला. तेवढा तुकडा सर्वांचा राहिला नाही.

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाची कथा वेगळी. तेथे २००८ साली नगराने आर्मेनियन स्मारकाचा संकल्प केला. कलावंत मेलिक ओहानियान यांनी नऊ उंच पथदीप योजिले. दिव्याच्या जागी धातूचा अश्रू लोंबत असावा, अशी त्यांची कल्पना. परंतु नियोजित जागा संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरीलगत होती. तेथे असे स्मारक नको, असे मध्यवर्ती सरकारने कळविले. नगराने संकल्प सोडला नाही. जागा मात्र बदलली. अखेर २०१८ साली ट्रेंब्ले उद्यानात ते दीप उभे राहिले. म्हणजे नगराचा शब्द पुरा व्हावयास दहा वर्षे लागली.

कॅलिफोर्नियातील पॅसाडीना गावाने २०१५ साली, घटनेच्या शताब्दीच्या वर्षी, आपल्या मेमोरियल पार्कमध्ये स्मारक उभारू दिले. त्याची रचना एका कलाशाळेच्या विद्यार्थिनीने केली, आणि ती स्वतः आर्मेनियन नव्हती. तीन खांब वर एकत्र मिळतात. त्यांच्या टोकावरून खालच्या दगडी कुंडात दर एकवीस सेकंदांनी पाण्याचा एक थेंब पडतो. गणित करून पाहावे. वर्षभरात असे सुमारे पंधरा लाख थेंब पडतात. एकेका माणसासाठी एकेक थेंब! पंधरा लाख हा आकडा कागदावर वाचून मन हलत नाही. परंतु त्या कुंडापाशी पाच मिनिटे उभे राहणाऱ्याला तो कळू लागतो.

बोस्टनच्या आर्मेनियनांनी विरोधकांच्या प्रश्नांना उत्तर दिले ते मुख्यतः कृतीने. पहिली गोष्ट अशी, की त्यांनी जागा स्वतःसाठी मागितली नाही. समाजातील लोकांनी आपसांत निधी जमविला, उद्यान बांधले, आणि ते राज्याच्या व नगराच्या जनतेला देणगी म्हणून दिले. केवळ बांधून दिले असे नाही. ते पुढे नीट राखले जावे यासाठी कायम निधीही बाजूला काढून ठेवला. सार्वजनिक जागेत काही उभारून फुलांचे हार घालावयाचे आणि पुढची झाडलोट नगरपालिकेवर सोपवावयाची, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. दात्याने झाडूचीही तरतूद करावी, ही गोष्ट त्यामानाने दुर्मिळ. देणगीचे खरे मोल अशा ठिकाणी कळते.

दुसरी गोष्ट आशयाची. तेथील शिलालेख वंशसंहारातील पंधरा लाख बळींचे नाव संकोच न करता घेतो. परंतु तो तेवढ्यावर थांबत नाही. त्यानंतर जगात जे जे वंशसंहार झाले त्या सर्वांचे स्मरण तो करतो, आणि या किनाऱ्यावर येऊन ज्यांनी ज्यांनी नवे आयुष्य उभारले त्या सर्व समाजांना त्यात सामावून घेतो. येथे 'आयरिशांनी काय करावे, इटालियनांनी काय करावे' या प्रश्नाचे उत्तर मिळते. त्यांनी याच बाकावर येऊन बसावे. एका समाजाने लावलेला दिवा सर्वांना उजेड देणार असेल तर दहा दिव्यांसाठी भांडण राहत नाही.

तिसरी गोष्ट रचनेची. आणि येथे वास्तुकार डोनाल्ड टेलालियान यांच्या कल्पकतेला दाद द्यावयास हवी. या उद्यानात कोणाचा पुतळा नाही. एका उथळ जलाशयावर बारा पृष्ठांची एक धातूची भौमितिक आकृती, मधोमध दुभंगलेली, उभी आहे. दरवर्षी यारीने तिचे दोन भाग उचलतात आणि ते वेगळ्या रीतीने जुळवून पुन्हा ठेवतात. कधी ते एकमेकांना टेकून असतात, कधी एकमेकांपासून दूर सरकलेले. तुकडे तेच असतात. आकार मात्र दरवर्षी निराळा. ज्यांचे घर फुटले आणि ज्यांनी ते दुसऱ्या गावी दुसऱ्या रीतीने उभारले, त्यांची गोष्ट याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही. शिवाय यात एक व्यावहारिक शहाणपणही आहे. चौकातील पुतळा पहिल्या वर्षी लोक पाहतात, दुसऱ्या वर्षी त्याला वळसा घालतात आणि तिसऱ्या वर्षापासून तो दिसेनासा होतो. स्मारकाला खरे भय शत्रूचे नसते, सवयीचे असते. दरवर्षी रूप पालटणाऱ्या या आकृतीकडे मात्र नेहमीच्या वाटसरूलाही मान वर करून पाहावेच लागते.

जलाशयाच्या कडांवरून पाणी ओघळून खाली नाहीसे होते. थोड्या अंतरावर ग्रॅनाइट आणि हिरवळ यांनी आखलेला एक वर्तुळाकार वळणावळणाचा मार्ग आहे. त्याच्या केंद्रस्थानी हे पाणी एका कारंज्याच्या रूपाने पुन्हा वर येते. अशा मार्गाला आपण चक्रव्यूह म्हणू. परंतु तो शब्द उच्चारताच आपल्याला अभिमन्यू आठवतो, ज्याला आत शिरण्याची विद्या होती आणि बाहेर येण्याची नव्हती. या मार्गाचे तसे नाही. त्यात फसवी वळणे नाहीत, बंद गल्ल्या नाहीत. एकच वाट आहे. ती कधी केंद्राजवळ नेते, कधी हाताशी आलेले केंद्र पुन्हा दूर करते, परंतु चालत राहणाऱ्याला पोहोचविल्यावाचून राहत नाही. आणि आत नेणारी वाटच बाहेर आणते. वाळवंटात नाहीसे झालेले जीवन आणि दुसऱ्या भूमीवर पुन्हा उसळलेले जीवन, या दोहोंची सांगड त्या भूमिगत पाण्याने घातली आहे. मार्गाच्या भोवती चार शब्द कोरले आहेत : कला, विज्ञान, सेवा, वाणिज्य. आश्रयास आलेल्यांनी नव्या देशाला जे दिले त्याची ही पोच.

हे शब्द पोकळ नाहीत. वाराझ्‌दाद काझांजियान हा मुलगा १८९५ साली अमेरिकेत आला आणि वुस्टरच्या तारेच्या गिरणीत कामाला लागला. फावल्या वेळात शिकून तो दंतवैद्य झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर, तोफगोळ्यांनी ज्यांचे चेहरे छिन्नभिन्न झाले अशा शिपायांना त्याने पुन्हा माणसाचे रूप दिले. पुढे हार्वर्ड विद्यापीठात ते या शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. ज्याच्या जातभाईंचे चेहरे इतिहासातून पुसले जात होते त्याने परक्यांचे चेहरे जोडले. संगीतकार ॲलन होव्हानेस हे १९११ साली बोस्टनलगतच्या समरव्हिल गावी जन्मले. त्यांचे वडील आर्मेनियन, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. आर्मेनियन धर्मसंगीताच्या ओढीने सुरू झालेला त्यांचा शोध त्यांना १९५९ साली भारतात घेऊन आला. त्यांनी कर्नाटक संगीताचा अभ्यास केला आणि मद्रास आकाशवाणीच्या वाद्यवृंदासाठी रचनाही केली. मुळे तुटलेली माणसे कोरडीच होतात असे नाही. काहींची मुळे दूरवरचे पाणी शोधीत जातात.

उद्यान बांधून झाले म्हणजे काम संपले, असे या मंडळींनी मानले नाही. नॉर्थ एंडमधील शाळेतील मुलांसाठी त्यांनी एक पाठ्यक्रम आखला. दुभंगलेल्या आकृतीपासून मुले भूमिती शिकतात, आणि मग घरी जाऊन आजी-आजोबांना किंवा आईवडिलांना विचारतात, की आपण येथे कोठून आलो, कसे आलो, येताना काय मागे राहिले. जे कळेल त्यावर त्यांनी चार ओळी लिहावयाच्या. या मुलांत आर्मेनियन थोडे. कोणी चिनी, कोणी इटालियन, कोणी आणखी कोठला. मे महिन्यातील पहिल्या शनिवारी जगभर वर्तुळमार्ग चालण्याचा एक दिवस पाळतात. त्या दिवशी येथेही लोक जमून चालतात. आणि मानवी हक्कांवर एक व्याख्यान समाजाने निधी देऊन सुरू केले आहे. ते होते फॅन्युल सभागृहात. उद्यानापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या याच सभागृहात १८९४ साली बोस्टनच्या नागरिकांनी आर्मेनियनांसाठी आवाज उठविला होता. आता आर्मेनियन तेथे इतर पीडितांसाठी व्यासपीठ उभे करतात. ऋण फेडण्याची याहून सुंदर रीत कोणती असेल?

येथे कोणी असेही म्हणेल, की हे सर्व करताना मूळ दुःख पातळ तर झाले नाही ना? ज्यांचे पूर्वज गेले त्यांना केवळ त्यांच्याच नावाचा काळा दगड हवा असेल. त्यांना मुलांचा गलबला आणि कारंज्याचे तुषार पाहून चुकल्यासारखे वाटेल. या शंकेत तथ्य आहे. सर्वांच्या जागेत यावयाचे तर आपल्या शोकाचा स्वर थोडा खाली आणावा लागतो, आणि ही किंमत लहान नाही. चर्चच्या आवारात, आपल्या सभागृहात, २४ एप्रिलच्या प्रार्थनेत तो स्वर पूर्ण उंचीने लागू शकतो. तो तेथे लागलाच पाहिजे. परंतु जेथे फक्त आपलीच माणसे येतात तेथे आठवण जपली तरी ती नातवंडांपर्यंत पोहोचते आणि पुढे क्षीण होते. परक्यांनी ती आपली मानली म्हणजे तिला नवे वारस मिळतात. ज्या समाजाची संख्या थोडी त्याने या हिशेबाचा विचार करणे अगत्याचे आहे.

नगराच्या बाजूनेही हिशेब मांडता येतो. बोस्टनने या जागेला संमती दिली म्हणजे एका अल्पसंख्य समाजावर उपकार केले, असे समजणे चुकीचे ठरेल. खांबांवरच्या रस्त्याने तुटलेले शहर पुन्हा सांधावयाचे होते, आणि ते केवळ गवत पेरून सांधले जाणार नव्हते. येथे कोण कोण आले, काय सोसून आले, आल्यावर त्यांनी काय दिले, ही ओळख नागरिकांना एकमेकांशी बांधते. ज्या नगरात अशी ओळख नसते तेथे माणसे शेजारी राहतात; परंतु शेजारी होत नाहीत.

सार्वजनिक जागेत कोणाची आठवण असावी, हा वाद जगातील एकाही शहराला चुकलेला नाही आणि पुढेही चुकणार नाही. संख्येच्या बळावर तो जिंकता येतो, न्यायालयात तो मिटविता येतो, जागा विकून तो टाळताही येतो. बोस्टनच्या आर्मेनियनांनी आणि त्यांच्या शहरबंधूंनी आणखी एक वाट दाखविली. मागणाऱ्याने दात्याच्या भूमिकेत यावे आणि देणाऱ्याने ऋणी म्हणून ते स्वीकारावे, अशी ही वाट. ती लांबची आहे. तिच्यावर बारा वर्षे चालावे लागले, आणि त्या ग्रॅनाइटच्या मार्गाप्रमाणे हाताशी आलेले केंद्र मध्येच दूर गेल्याचे क्षणही आले असतील. पण आज कोणत्याही सकाळी नॉर्थ एंडमधील एखादे मूल त्या वळणांवरून धावत मध्यभागी पोहोचते आणि कारंज्याखाली हात धरते. ते पाणी कोठून आले, हे त्याला शाळेत सांगितलेले असते.